चौतीस जीबी गेले कुठे?

टेकडीवर फिरायला जाण्याआधी नकाशा-कार्यालयात फक्त पाच मिनिटं थांबायचं ठरलं होतं. आत्याने वर्षभर खपून तिथल्या जुन्या नकाशांचे फोटो काढले होते. त्यांची डिस्क द्यायची, पोचपावती घ्यायची आणि निघायचं. पण पाचाची चाळीस मिनिटं झाली तरी आत्या साहेबांच्या टेबलापुढून हलेना. तिची तिन्ही भाचरं बाकावर ताटकळत होती: ताई, भिंगरी आणि शब्दाशब्दाला हरकत घेणारा वकील.

घोटाळा असा होता. आत्याच्या लॅपटॉपवर डिस्कमध्ये पाचशे जीबी दिसत होते, साहेबांच्या संगणकावर चारशे सहासष्ट. मग चौतीस जीबी गेले कुठे? नकाशे पुसले गेले, की परस्पर कुणाला दिले गेले? साहेब आवाज न चढवता म्हणाले, की चौकशी होईपर्यंत उरलेलं काम दुसऱ्याकडे सोपवावं लागेल. आणि ते पत्र लिहायला बसलेसुद्धा.

"आत्या, काही गाळलंस का गं?" ताईने हळूच विचारलं.

"एक रेघसुद्धा नाही."

तिघांना तेवढं पुरेसं होतं. भिंगरीने साहेबांची परवानगी काढली, फक्त बघायची, काही बदलायचं नाही या अटीवर. दोन्ही संगणकांवर नकाशे मोजले. दोन हजार पाचशे चार इथेही, तिथेही!

मग ताईने नदीकाठचा एकच नकाशा निवडला. आत्याकडे तो दोनशे एमबी, साहेबांकडे एकशे एक्क्याण्णव. दुसरा नकाशा पाहिला, तिसरा पाहिला. प्रत्येक जण थोडा थोडा रोडावलेला.

"म्हणजे चोराने एकेका नकाशाची किनार कातरून नेली," वकील म्हणाला. "बिचारा किती राबला असेल!"

आत्याला तशातही हसू आलं. भिंगरीने नकाशा मोठा करून पाहिला, चारही कोपरे जागच्या जागी. त्याची माहिती उघडली, तर खाली बारीक अक्षरांत बाइटचा आकडा होता. ताई एका पडद्यावरचा वाचत गेली, भिंगरी दुसऱ्यावर बोट फिरवत गेली. नऊच्या नऊ अंक जुळले.

वकिलाने पाठकोऱ्या कागदावर तो आकडा हजाराने दोनदा भागला. दोनशे आले, आत्याचे. साहेबांचे मात्र काही केल्या येईनात. तेवढ्यात ताईला शाळेतला धडा आठवला. संगणकाचा हिशोब दुपटीने चालतो, आणि एकाची दहा वेळा दुप्पट केली की हजार येत नाहीत, एक हजार चोवीस येतात. एक हजार चोवीसने दोनदा भागलं, एकशे एक्क्याण्णव! जीबीसाठी तीनदा भागायचं, म्हणून तूट आणखी मोठी. अख्ख्या डिस्कचे बाइट भागले, चारशे सहासष्ट.

"साहेब, माल तोच आहे," वकील म्हणाला. "मापं दोन आहेत, आणि दोन्हींना नाव एकच दिलंय."

साहेबांनी चष्मा पुसून सगळा भागाकार स्वतः पुन्हा केला. मग अर्धवट पत्र फाडलं, पावतीवर बाइट लिहून सही केली आणि राहिलेल्या नकाशांच्या कपाटाची किल्ली आत्यासमोर ठेवली.

"बाई, मी आधी मोजायला हवं होतं, मग बोलायला. तुमची भाचरं फार हुशार आहेत."

"आहेतच," आत्या हळू आवाजात म्हणाली. "पण माझ्यावर विश्वास होता, म्हणून ती मोजत बसली."