कुरमुऱ्यांची रंगीत तालीम

तेल पाण्यावर तरंगतं. मग ते कुंपणाखालून गेलंच कसं?

वेळसुऱ्याच्या धक्क्यावर बसून बारा वर्षांची सुरंगी सकाळपासून हाच प्रश्न चघळत होती. समोरची खाडी काळी पडली होती. त्या चिखलातल्या तिसऱ्या (शिंपल्यांत राहणारे जीव) वेचून तिची आई घर चालवायची. आता त्या तेलाखाली गुदमरल्या होत्या आणि आई रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसली होती.

चार दिवसांपूर्वी भर समुद्रात तेलाचं जहाज फुटलं. सुरंगीची आत्या नीलांबरी समुद्रशास्त्रज्ञ. तिने गोव्याहून तरंगतं कुंपण (वर फुगीर नळी, खाली पाण्यात लोंबणारा पडदा) पुढे पाठवलं आणि सोबत टिटवी नावाचा छोटा यंत्रमानव. दोन बोटींनी कुंपणाची दोन टोकं ओढायची आणि मधल्या झोळात तेल अडवायचं. तालमीला तेलाऐवजी कुरमुरे टाका, असं तिनेच फोनवर सांगितलं होतं.

सुरंगीचे बाबा, हरेश्वर नाखवा, नारळी पौर्णिमेच्या शर्यतीत कधी हरले नव्हते. तालमीत जोडीच्या बोटीला इशारा करून त्यांनी आपली बोट अशी दामटली, की टिटवी केकाटायला लागली, “वेग जास्त. वेग जास्त.”

“तिचा तोंड बंद कर गो,” बाबा म्हणाले.

सुरंगीने बटण दाबलं. एकूण एक कुरमुरा झोळात आला, धक्क्यावर टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी खरं तेल आलं. बोटी तशाच दामटल्या, आणि तेल कुंपणाखालून थेट खाडीत शिरलं.

आत्या पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती कुणाला रागावली नाही. तिने परातीत पाणी घेतलं, त्यावर इंजिनाचं काळं तेल ओतलं आणि सुरंगीच्या हातात पट्टी दिली.

“हळू ढकल.” तेल पट्टीपुढे गोळा झालं. “आता जोरात.” काळे थेंब पट्टीखालून पलीकडे पळाले.

“तेल पाण्याहून थोडंच हलकं असतं,” आत्या म्हणाली. “कुंपणाशी त्याचा थर साचतो. खालून पाणी जोरात धावलं की ते थराचे थेंब ओरबाडून नेतं. मी त्याला निसटवेग म्हणते (थेंब निसटू लागतात तो वेग). ताशी जेमतेम सव्वा किलोमीटर. बाळ रांगतं तेवढाच.”

“आणि कुरमुरे?”

“ते पोकळ, फार हलके. सहज खाली खेचले जात नाहीत. दोऱ्या ओढायचा सराव व्हावा म्हणून मी ते सुचवले. वेगाचं मात्र टिटवीवर सोडलं. चूक माझीही आहे.”

“बटण मी दाबलं,” सुरंगी म्हणाली. तिला रडू आवरेना.

“चिखल परत जिवंत व्हायला किती वर्सां?” आईने विचारलं.

“दहा. जास्तही लागतील.”

सुरंगीने मनात मोजलं. तेव्हा ती बावीस वर्षांची असेल.

तेलाचा दुसरा तवंग शेजारच्या खाडीकडे सरकत होता. बाबा उठले. “हलू जायाला आमाला कोनी शिकवलाच नाय,” ते स्वतःशीच म्हणाले. मग बोटीत उतरून त्यांनी हाक मारली, “सुरंगे, ती टिटवी चालू कर.”

बोटी निघाल्या. धक्क्यावरून बघणाऱ्यांना त्या जागच्या हलतात की नाही तेच कळत नव्हतं. आईने टोपली खाली ठेवली आणि ती बघत राहिली. संध्याकाळपर्यंत टिटवी एकदाही ओरडली नाही.