शालूची उभी रेघ

राजापेठेतल्या आमच्या विशेष मुलांच्या केंद्राच्या जिन्यात एक माणूस मला आडवा आला. कडेवर पाच वर्षांची मुलगी. खालच्या हॉर्नला कंटाळून तिने दोन्ही कान गच्च दाबले होते.

"ताई, ते आरती मॅडम कुठी बसतात? लय कडक हायेत म्हनतात."

"हो," मी म्हटलं, "चावतात पण."

वर जाऊन मी मॅडमच्या खुर्चीत बसले, आणि तो, किशोर त्याचं नाव, कानापर्यंत लाल झाला. तिथेच माझं चुकलं... मला तो आवडला.

शालू त्याची भाची. स्वमग्न. पेन्सिल मुठीत आवळायची आणि कागद फाडायची. तिचे आईबाप गावाकडे शेतात, म्हणून ती मामाकडे राहायची. किशोरचं अकोल्यात फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. कापसाने त्या दोन-तीन वर्षांत सगळ्यांनाच दगा दिलेला.

"शेतातच काही नाही, तं पंप कोन आननार? रिकामा बसून राहिलो, म्हनून मीच आनतो हिले."

दर सोमवारी ते अकोल्याहून बसने यायचे. शालूचा हात आपल्या मुठीत घेऊन तो अक्षरं गिरवून घ्यायचा. आपण सगळे तसेच शिकलो. शालू मात्र लाकडासारखी ताठ व्हायची.

"सोडा तिचा हात," मी म्हणायचे. "आधी बोटांत जोर येऊ द्या. कणीक मळू द्या, दोरीवर चिमटे लावू द्या."

"आन लिहिनं?"

"ते मागून येईल."

"मॅडम, तुमी घरी बी असंच रागावता काय?"

"घरी रागवायला आहे कोण?"

"बरं झालं..." तो पुटपुटला, आणि उगाच चिमटे गोळा करत बसला.

अकोल्यातल्या एका शाळेने सांगितलं होतं, पेन्सिल धरून रेघ ओढायला लागली की शालूला घेऊ. म्हणजे ती शिकली, की आमचे सोमवार संपले. शिकवताना मी हात आखडता घेतला नाही. पण त्यांची बस गेली की मी पुढच्या सोमवारपर्यंतचे दिवस मोजत बसायचे, हे खरं.

दिवाळी उलटल्यावर एका सोमवारी शालूने तीन बोटांत पेन्सिल धरली. भिंतीवरच्या कागदावर वरून खाली उभी रेघ ओढली. वाकडी होती, पण तिची होती. किशोरचा हात पुढे झाला होता, तो त्याने मागे घेतला. शालूने आणखी एक ओढली, आणि आमच्याकडे न बघताच हसली. माझे डोळे भरले. सगळे काही आनंदाने नव्हे.

"जमलं पोट्टीले," किशोर म्हणाला. मग दोरीवरचे चिमटे एकेक करून काढायला लागला. "आता पुढच्या सोमवारी आमचं इथं काही काम नाही..."

"नाही."

"मंग काहून यावं मानसानं?"

आता नाही बोलले तर कधीच नाही, एवढं मला कळलं.

"शालूचं काम झालं," मी म्हटलं. "माझं नाही. मला तुमची सवय... सवय नाही हो, तुम्ही आवडता मला. सोमवारी येऊ नका. रविवारी घरी या, बाबा असतात."

त्याने शालूकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आईले घेऊन येतो," तो म्हणाला. "दिवाळीपासूनच नवं पातळ काढून बसली हाय ते."