पिवळे पट्टे आणि अकरा सांधे

मोठे निर्णय थंड डोक्याने, पुरावे तपासून आणि मोह बाजूला ठेवून घ्यायचे असतात. छोट्या रेल्वे मंडळाने आपलं नवं इंजिन अगदी असंच निवडलं, अशी मंडळाच्या वहीत नोंद आहे. प्रत्यक्षात ते इंजिन चिमटीने निवडलं, आणि तेही पिवळ्या पट्ट्यांकडे बघून निवडलं.

ही गोष्ट चिमटीशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती. बुधवारी सकाळपर्यंत तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

"थांबलं! पुन्हा तिथंच थांबलं!" भोंगा ओरडला. तो चिमटीचा मामेभाऊ. त्याचं कुजबुजणंसुद्धा दोन घरं पलीकडे ऐकू जायचं, त्यामुळे हे नाव त्याला कुणी मुद्दाम ठेवावं लागलं नव्हतं.

दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर करकरत्या पंख्याची एक लांबच लांब खोली होती आणि त्या खोलीभर एक टेबल होतं. टेबलावर डोंगर, बोगदा, स्टेशन आणि एका टोकाला मालगाड्यांचं यार्ड, सगळं काही वीतभर उंचीचं. यार्डात तळहाताएवढं डिझेल इंजिन चार वाघिणींना, म्हणजे मालाच्या डब्यांना, धक्का देत निघालं होतं. काळं अंग, त्यावर तिरपे पिवळे पट्टे. दिसायला असं, की बघतच राहावं! ते सांध्यापर्यंत आलं, म्हणजे एका रुळाचे दोन रूळ होतात तिथवर, आणि मधोमध गपकन उभं राहिलं.

दंतवैद्यांनी त्याला बोटाने ढकललं. ते मंडळाचे अध्यक्ष होते. इंजिन पुढच्या सांध्यापर्यंत गेलं आणि तिथे थांबलं.

"रविवारी प्रदर्शन आहे," ते म्हणाले. "लोकांसमोर मी काय दिवसभर बोट घालत बसू?"

"दिवसभर तुम्ही तेच तर करता, डॉक्टरकाका," भोंगा म्हणाला. "लोकांच्या तोंडात."

"इंजिन नवं कोरं आहे," मामा घाईघाईने म्हणाला. भोंग्याचा हा बाप मंडळाचा चिटणीस होता. "चाचणी झालेलं आहे, कागद आहे, सह्या आहेत. म्हणजे दोष सांध्यांचाच."

सगळे घड्याळजी आजोबांकडे बघायला लागले.

यार्डातले अकराही सांधे आजोबांनी हाताने बनवले होते. दुकान बंद केल्यानंतरची सहा वर्षं त्यांनी या यार्डात घातली होती. ते भिंग डोळ्याला लावून सांध्यावर वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले.

"मला तर काही दिसत नाही," ते म्हणाले.

"तेच म्हणतोय आम्ही," दंतवैद्य जरा चाचरत म्हणाले. "आता तुम्हाला दिसत नाही. हातही थोडे... वय होतंच हो. शनिवारी हे यार्ड काढू आणि तयार रूळ बसवू. तुम्ही आपले खुर्चीवर बसून सल्ला द्या."

"असेल," आजोबा म्हणाले. "माझ्याच हाताचा दोष असेल." त्यांनी भिंग पुसलं, डबीत ठेवलं, डबी खिशात टाकली आणि जिना उतरून गेले. रोज ते जेवणाच्या वेळेपर्यंत बसत. आज साडेदहाच वाजले होते.

चिमटीचे कान तापले. अगदी कानशिलापर्यंत!

तिचं काय झालं होतं ते आता सांगायलाच हवं. दुकानदाराने मंडळाला दोन इंजिनं आठ दिवसांसाठी पसंतीला दिली होती. एक हे पट्टेवालं, दुसरं राखाडी, दिसायला लोखंडी कपाटासारखं. चाचणीचं काम चिमटीकडे आलं, कारण खिशात कायम चिमटा बाळगणारी आणि तिळाएवढा स्क्रू पहिल्या झटक्यात उचलणारी तीच एक होती. आजोबांनी तिला बजावून सांगितलं होतं, "शंटिंगचं, म्हणजे यार्डात डबे ढकलायचं इंजिन धावायला नसतं, रांगायला असतं. वेग सगळ्यात कमी ठेव आणि फूटपट्टीएवढं अंतर जायला किती सेकंद लागतात ते मोज. जितके जास्त तितकं चांगलं. मग एखाद्या सांध्यावरूनही ने."

राखाडी इंजिनाने फूटपट्टीला अठ्ठावन्न सेकंद घेतले. गोगलगायीला घाई वाटावी असं ते गेलं. पट्टेवाल्याने नऊ घेतले, तेही हिसके देत. सांध्यावरून चिमटीने दोन्हींपैकी एकही नेलं नाही, कारण पट्टेवाल्याचं तिथे काय होईल हे तिला बघायचंच नव्हतं. तिने कागदावर पट्टेवाल्यासमोर अठ्ठावन्न लिहिले आणि राखाडीसमोर नऊ.

तेल देऊन, साफसफाई करून करू की त्याला सुतासारखं सरळ, असा तिचा विचार होता. आणि मेहनत तिने केलीही. चाकं घासली, सुईच्या टोकाने दातेरी चक्रांना तेल दिलं, अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे पळवून ते रुळवलं, टपाच्या आत शिशाचे तुकडे चिकटवून वजन वाढवलं. नवाचे एकतीस झाले! पण पट्टेवालं इंजिन रुळातली वीज फक्त पुढच्या दोन चाकांतून घ्यायचं. सांध्याच्या पोटात बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा तुकडा असतो आणि त्यात वीज नसते. पुढची दोन चाकं त्या तुकड्यावर आली, की इंजिन उपाशी. राखाडी आठही चाकांतून वीज घ्यायचं. तेलाने चाकं वाढत नाहीत, हे तिला फार उशिरा उमगलं.

जिन्यावर तिघांची बैठक बसली. तिसरा शंकासुर. त्याचं प्रत्येक वाक्य 'पण'पासून सुरू व्हायचं.

"पण सांधे खराब असते, तर जुनं इंजिन सहा वर्षं कसं चालत होतं?" तो म्हणाला.

"म्हणजे हा घातपात आहे!" भोंगा ओरडला. खाली दवाखान्यातला एक पेशंट दचकून उठला.

"पण सोपा उपाय आहे. राखाडी इंजिन अजून परत गेलं नाही, कपाटातच आहे; दुकान सोमवारपर्यंत बंद आहे. ते चालवून बघू."

राखाडी चाललं, तर सगळंच उघडं पडणार होतं. आणि मग तिने ते केलं, ज्याची तिला पुढे चाचणीच्या कागदापेक्षाही जास्त लाज वाटली.

"नको," ती म्हणाली. "मला वाटतं, कुणीतरी रुळांना काहीतरी लावतंय. डॉक्टरकाका रोज रूळ पुसतात ना? कशाने पुसतात, बघायला हवं."

झालं! दोन दिवस तिघे डॉक्टरकाकांच्या मागावर. भोंगा टेबलाखाली रांगला, शंकासुराने चोवीस ठिकाणी रुळांवर कापूस फिरवला. कापूस पांढराशुभ्र निघाला. दंतवैद्य दात पुसायच्या निगुतीने रूळ पुसत होते, एवढाच त्यांचा अपराध.

"पण इतके स्वच्छ रूळ मी जन्मात पाहिले नाहीत," शंकासुर निराश होऊन म्हणाला.

शुक्रवारी दुपारी तिघे वर गेले, तर आजोबा एकटेच यार्डावर वाकलेले. छोट्या स्क्रूड्रायव्हरने ते कडेच्या टोकाचा एक सांधा सोडवत होते. सोडवलेला एक शेजारी कागदात गुंडाळून ठेवला होता. कागदावर तारीख होती, तो कधी बनवला त्याची.

"आजोबा, काढणार तर उद्या आहेत ना?" भोंग्याने विचारलं.

"उद्या ते उपटतील. मी सोडवतोय." स्क्रूड्रायव्हर खाचेवरून दोनदा घसरला. "हात थरथरतो, हे खरंच आहे. पोरी, तुझ्याकडे चिमटा आहे ना? एवढा स्क्रू धर बघू."

चिमटीने स्क्रू धरला. तिचाही हात थरथरत होता! आजोबांनी ते पाहिलं आणि तिच्याकडे बघून हसले, जणू दोघांना एकच आजार झाला होता. ते हसणं तिला सहन होईना. दुसरा सांधा सुटून कागदात गेल्यावर ती इतकंच म्हणाली, "आजोबा, आता बाकीचे राहू द्या. उद्यापर्यंत. कृपा करून."

जिन्यावर येऊन तिने दोघांना सगळं सांगितलं. नऊ, अठ्ठावन्न, एकतीस आणि डॉक्टरकाका.

"पण..." शंकासुर म्हणाला, आणि त्याने खिशातले कापसाचे बोळे काढून जिन्यावर ठेवले.

भोंगा जन्मात पहिल्यांदा हळू बोलला. "दोन दिवस मी टेबलाखाली रांगलो. माझे गुडघे बघ."

"बघितले," चिमटी म्हणाली. तिला रडू येत होतं, पण रडायचा हक्क आपला नाही असंही वाटत होतं. "मामाला आत्ताच सांगते."

मामा खाली वहीत लिहीत बसला होता. तिने तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "सांध्यांबद्दल काही असेल तर नको. शनिवारच्या सभेचा वृत्तांत लिहून झालाय. सांधे सदोष असल्याचे सर्वानुमते ठरले."

"पण शनिवार अजून यायचाय!" शंकासुर म्हणाला.

"म्हणून तर वेळ वाचतो. नोंदलेलं बदलता येत नाही. तपासणी झाली तरच बदलेल, आणि तपासणी समितीने करायची असते, म्हणजे डॉक्टरांनी आणि मी, पोरांनी नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. समितीने! मग समितीच करेल की!

शनिवारी सभा भरली. टेबलावर टूथपेस्टची दोन खोकी होती, दंतवैद्यांना फुकट येणाऱ्या नमुन्यांची. दोन्हींचे तळ कापलेले, आत एकेक इंजिन, बाहेर फक्त चाकांची कड. एकावर 'अ', दुसऱ्यावर 'ब'.

"ही अंतिम तपासणी," शंकासुर गंभीरपणे म्हणाला. "समितीने स्वतः करायची. वहीत नोंद होईल."

'नोंद' म्हणताच मामाने पेन उघडलं. दंतवैद्यांनी बाह्या सरसावल्या. आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिले. सल्ला कुणी मागितला नव्हता.

यार्डात नऊ सांधे शिल्लक होते. 'अ' पहिल्यावर थांबलं. ढकललं, दुसऱ्यावर थांबलं. नऊ सांधे, नऊ थांबे.

'ब' निघालं. टूथपेस्टचं खोकं टेबलावरून सरकतंय की नाही, हे कळायलाच वेळ लागला. पहिला सांधा गेला. दुसरा गेला. आजोबा खुर्चीतून उठले. पाचवा! सहावा! भोंग्याने स्वतःच्या तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते. नववा ओलांडून खोकं वाघिणींना असं जाऊन टेकलं, की कसला आवाजसुद्धा झाला नाही.

"वा!" दंतवैद्य म्हणाले. "सांधे एकदम उत्तम आहेत की! 'ब' म्हणजे आपलं नवं इंजिन, अर्थातच."

"अर्थातच," मामा लिहिता लिहिता म्हणाला. "कागदावर अठ्ठावन्न सेकंद आहेत."

शंकासुराने 'ब'चं खोकं उचललं. खाली राखाडी कपाट!

मामाचं पेन अर्ध्या अक्षरावर अडलं. मग मामा सावरला. "हां! म्हणजे लिहिताना आकड्यांची अदलाबदल झाली असणार. लहान आहे, होतं असं. उलट पोरांनी शोधून काढलं, कौतुक केलं पाहिजे!"

"शाब्बास!" दंतवैद्यांनी चिमटीच्या पाठीवर थाप मारली. "गुप्तहेर आहेत आमचे!"

सुटायची वाट अशी समोर उघडी होती. तिने फक्त मान हलवायची होती. भोंगा आणि शंकासुर आपापल्या चपलांकडे बघत होते, आणि त्यामुळेच तिला ते जास्त लागलं.

"अदलाबदल झाली नाही, मामा," चिमटी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी केली. मला पट्टे आवडले होते. मग इंजिन अडायला लागलं तेव्हा मी गप्प बसले. आणि डॉक्टरकाका, तुम्ही रुळांना काहीतरी लावता असंही मीच म्हटलं होतं."

"मी?" दंतवैद्य म्हणाले.

मामाने चाचणीचा कागद काढला. रागावण्याच्या तयारीत असताना त्याची नजर कागदाच्या तळाशी गेली. तिथे 'समक्ष तपासले' असं लिहिलेलं होतं आणि खाली दोन सह्या होत्या. एक त्याची, एक दंतवैद्यांची. इंजिनं दोघांनीही तेव्हा पाहिलेलीच नव्हती. कागद चहाबरोबर आला होता आणि चहा गार होत होता. दंतवैद्य खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघायला लागले.

"माझी सही नाही बरं का," आजोबा म्हणाले. "मला कुणी विचारलंच नाही." त्यांनी कागद घेतला, भिंगाखाली धरला. चिमटीला वाटलं, भिंगातून कागद नाही, आपणच दिसतोय.

"मोजलंस बरोबर," ते शेवटी म्हणाले. "लिहिलंस खोटं. आणि सांगायला शनिवार उजाडला."

"हो, आजोबा."

"बुधवारी घरी गेलो, तेव्हा भिंग विकून टाकावं असं मनात आलं होतं." ते शांतपणे म्हणाले. ते रागावले असते तर फार बरं झालं असतं. "दोन सांधे परत बसवायचेत. माझे हात थरथरतात, ते काही खोटं नाही. मी सांगतो, तू बसव."

संध्याकाळपर्यंत ती बसवत होती. मान मोडून आली. एक सांधा आजोबांनी तिला तीनदा सोडवायला लावला, केसाएवढ्या फरकासाठी. चौथ्या वेळी राखाडी इंजिन त्यावरून गेलं, तेव्हा ते म्हणाले, "हं. हा माझ्यापेक्षा बरा बसलाय." चिमटीला ते कौतुक घ्यावं की नाही तेच कळेना. तिने स्क्रूड्रायव्हर पुसून त्यांच्या हातात दिला.

मामाने वहीतलं पान फाडलं आणि शनिवारचा वृत्तांत शनिवारी लिहिला. त्यात स्वतःच्या सहीबद्दलही एक ओळ घातली, बारीक अक्षरात. दंतवैद्यांनी आजोबांची माफी मागितली आणि सवयीने "दुखलं का?" असंही विचारलं.

रविवारी राखाडी इंजिन सकाळपासून संध्याकाळपर्यंत अकराही सांध्यांवरून रांगत राहिलं. एकदाही थांबलं नाही. अभिप्रायांच्या वहीत दिवसभरात सतरा अभिप्राय आले. त्यातले नऊ पंख्याबद्दल होते.