पट क्रमांक वीस

प्रमोद आला तेव्हा किशनराव गुरुजी ओसरीवर भाकरीचे तुकडे करून चार पोरांना अपूर्णांक शिकवत होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सकाळचे दोन तास त्यांनी सोडले नव्हते.

"उमैमा, पाव भाकरी तू खाल्लीस. आता उरली किती? घाई नको, मोज."

"पाऊण, गुरुजी. पण भूक तेवढीच हाय."

पोरं हसली. गुरुजीही हसले आणि त्यांनी प्रमोदला बसायची खूण केली.

प्रमोद त्यांचाच विद्यार्थी, आता वेल्डर. युरोपातल्या एका जहाज कारखान्याने त्याला निवडलं होतं. कामाचा व्हिसा तेवढा राहिला होता. मागच्या खेपेला जन्मतारखेचा पुरावा पटला नाही म्हणून अर्ज परत आला होता.

"ह्या टायमाला न्हाई झालं तर कंपनी दुसरा माणूस घेणार," तो म्हणाला. "वकीलबाई म्हणत्यात, ज्यांनी शाळेत नाव लिहिलं त्यांचीच सही पाहिजे. चला माझ्यासंगं हिंगोलीला."

आखाडा बाळापूरहून दोघं मोटारसायकलवर निघाले. मलिका वकिलांचं ऑफिस बियाण्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होतं. खाली सोयाबीनच्या पिशव्या उतरत होत्या. वर भिंतीला वकिलातींच्या तारखांचा तक्ता लावलेला होता. रोज कुठल्यातरी देशाचा नियम बदलायचा आणि मलिका मॅडम त्या तक्त्यावर नवी चिठ्ठी डकवायच्या.

"जन्मदाखला नसेल तर शाळेच्या रजिस्टरचा उतारा लागतो, गुरुजी," त्या म्हणाल्या. "आणि नोंद करणाऱ्या मुख्याध्यापकांचं शपथपत्र. नवीन आहे हे. तुमच्या भागातल्या निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा. तिकडचे साहेब मला विचारतात, त्या दिवशी तुमच्याकडे काय होतं?"

"मी होतो," गुरुजी म्हणाले. "लेकराला घेऊन आई यायची. तारीख विचारली तर म्हणायची, तूर काढताना झालं. मग मी एक जून लिहायचो."

मॅडम हसल्या. "सही करा. दोन ठिकाणी."

"दोन?"

"तुमच्या शाळेचे दोघं आहेत ना या कंपनीच्या यादीत. पट क्रमांक एकोणीस, प्रमोद. आणि वीस."

मॅडमनी रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स पुढे केली. विसाव्या ओळीत गुरुजींच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: हरिचंद धनसिंग. जन्म १ जून १९९०. शाळा सोडण्याचे कारण: परगावी गेला.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. हरिचंद नावाचं पोरगं कधी नव्हतंच.

शहाण्णव साली पट एका मुलाने कमी भरत होता. तो भरला नाही तर शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका, केशरबाई, बदलून जाणार होत्या. पहिलीच्या लेकरांना त्यांच्यासारखं कुणी शिकवत नसे. म्हणून गुरुजींनी एक नाव लिहिलं. नाव लिहिलं म्हणून हजेरी भरावी लागली. हजेरी खरी वाटावी म्हणून दर जुलैत सतरा दिवस त्याला ताप लिहावा लागला. त्याचे पेपर गुरुजींनी डाव्या हाताने सोडवले आणि भागाकारात त्याला मुद्दाम कच्चा ठेवला. चौथीच्या वर्षी केशरबाईंची बदली तरी झालीच. मग त्यांनी नाव कमी करून टाकलं. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"याचे कागद कोण आणून देतं?"

"स्वतःच येतो. शुक्रवारी आला होता. बोलत नाही फार. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी खिडकीपाशी खाली बसला."

मॅडमनी अर्ज पुढे सरकवला. अक्षरं डावीकडे कललेली. 'ळ' खालून गाठ मारल्यासारखा. तो 'ळ' गुरुजींच्या डाव्या हाताचा होता.

फोटोत तिशी ओलांडलेला माणूस होता, नियमाप्रमाणे पांढऱ्या पडद्यापुढे, दोन्ही कान दिसतील असा. लक्षात राहावं असं त्या चेहऱ्यात काही नव्हतं. गुरुजींनी त्याला चेहरा कधी दिलाच नव्हता.

"प्रमोद, हा तुझ्या वर्गात होता?"

"व्हय की. काहून? डावऱ्या म्हणायचो आमी त्याला. खिडकीपाशी बसायचा, भागाकार माझा बघून करायचा." प्रमोद हसला. "तुमी हजेरीला त्याचं नाव पुकारायचे न्हाई, गुरुजी. बिचारा रोज वाट बघायचा."

गुरुजींनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

"काही अडचण आहे का?" मॅडमनी विचारलं. "आत्ताच सांगा. एक नोंद खोटी निघाली तर अख्खं रजिस्टर बाद धरतात. मग प्रमोदचंही गेलं."

प्रमोदचं हसू मावळलं. तो गुरुजींच्या हातातल्या पेनाकडे बघत राहिला.

गुरुजींनी दोन्ही ठिकाणी सही केली.

मार्चमध्ये दोघं गेले. प्रमोदची बायको सपना पेढे घेऊन आली. तिकडून प्रमोद फोटो पाठवायचा. क्रेन, बर्फ, दोन खाटांची खोली. दुसऱ्या खाटेवर पांघरुणाची नीट घडी असायची.

जुलैत एका सकाळी प्रमोदचा फोन आला. ओसरीवर पोरं पाढे म्हणत होती.

"गुरुजी, एक तकलीफ हाय. हरिचंद तापानं फणफणून राहिला. डॉक्टरला कायबी सापडंना. तो म्हणतो, दर साली येतो, सतरा दिवसांनी उतरतो. पण हा ताप चौथीतला हाय म्हणतो, हा उतरायचा न्हाई. गुरुजींना विचार म्हणतो."

"आज कितवा दिवस?"

"बारावा."

गुरुजींना ते पान आठवलं. चौथीच्या जुलैत बारा दिवस 'आजारी' लिहून झाले होते, तेव्हा बदलीचा कागद आला. त्याच दिवशी त्यांनी नावावर लाल रेघ मारली. ताप उतरवायचा राहून गेला होता.

"प्रमोद, फोन त्याच्या कानाला लाव."

तिकडे खाट करकरली.

"पट क्रमांक वीस," गुरुजी म्हणाले. हजेरी घेताना लागायचा तोच आवाज लागला. "हरिचंद धनसिंग."

पोरं पाढा म्हणायची थांबली.

फोनमध्ये पुन्हा खाट करकरली. मग प्रमोद बोलला, अगदी हळू.

"गुरुजी, आत्ता इथंच होता. उशीवर फोन ठेवला तवा होता. पांघरूण गरम हाय अजून."

गुरुजींनी मान वर केली.

खिडकीखाली बसलेली उमैमा वहीतून डोकं वर न काढता जराशी बाजूला सरकली. शेजारी लिहिणाऱ्याचा डावा कोपर लागू नये, एवढीच.