पुलावर लाल होणारा काटा

गपगुमान बसा आन् ऐका. बनवून सांगत न्हाई. आपल्या टेंभुर्णीच्या, गाड्या दुरुस्त करणाऱ्या संघपाल मिस्तरीची पोरगी भावना, तिच्यासंगं घडलेलं हाये हे. गेल्या पोळ्याच्या रातचं.

मिस्तरी दोन वर्सांमागं जाफराबाद रोडच्या नाल्यावर, पुलावरच, आपल्या जुन्या मोटारीत बसल्या बसल्या गेल्ता. तवापासून मोटार त्या पुलावर आली की इंजनाच्या गरमीचा काटा लाल. गाव म्हणे, मिस्तरीच गाडी अडवून राह्यला. चुलता पुंजारामनं तर भंगारवाला ठरवून टाकला, सकाळी येणार व्हता. मंग पोरगी पेटली.

"काका, सेन्सर गेलाय. आज रातच्याला पुलावरून नेऊन दाखवते. मंग इकायचं नाव काढायचं न्हाई."

"बराबर. मीबी बसतो संगं," चुलता म्हणला.

लोक सेन्सर हुडकायला रेडिएटरच चाचपत बसतात, येडे कुठले. तो असतो इंजनाच्या डोक्याला, पाण्याचा वरचा पाइप निघतो त्याच्या बुडाशी. अंगठ्याएवढा, पितळी, शेंड्याला एक वायर. भावनाला हे बापानंच शिकवल्तं. तिनं इंजन थंड होऊ दिलं, थोडं पाणी सोडलं, जुना सेन्सर काढून नवा बसवला आन् वायर जोडली.

जेवणं झाल्यावर दोघं निघाले. अवसेची रात, डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना. पूल आला. काटा हलला... चढला... लाल.

"नारळ आणलाय," चुलता हळूच म्हणला. "फोड, आन् माघारी फिरू."

"बाबांनी जल्मात नारळ फोडला न्हाई. आता त्यांच्याच नावानं फोडू?"

ती उतरली. इंजन चालूच. बॉनेट उघडून रेडिएटरला तळहात टेकवला. कोमट. मंग तिनं सेन्सरची वायरच काढून बाजूला केली. आता काटा पडायलाच पायजे. वायर न्हाई, तर गरमी सांगणार कोण?

येऊन बसली. पाह्यलं.

काटा लालच.

चुलत्यानं नारळ छातीशी धरला. नाल्यातले बेडूकबी गप...

भावनाला बापाची लई याद आली. रडू आलं, आन् त्याहून जास्त राग आला.

"बाबा," ती अंधाराला म्हणली, "इंजन थंड हाये. काट्यापेक्षा हातावर भरवसा ठेव, हे तुम्हीच शिकवलं. मी थांबत न्हाई."

गिअर टाकला. पूल सरला.

काटा... हळूहळू... खाली आला.

जाफराबादेहून ती त्याच पुलावरून माघारी आली. काटा खालीच, जागचा हलला न्हाई.

सकाळी भंगारवाला आला, तर पुंजारामनंच त्याला वाटंला लावलं. म्हणला, मोटार पोरीची हाये. भावना मंग रातची सुटी वायर जोडायला गेली. बॉनेट उघडलं.

वायर जोडलेली व्हती. तारेला दुहेरी पीळ देऊन, संघपाल मिस्तरी देयाचा तसा. तिला तो पीळ कदीच जमला न्हाई.