चिखलाचा कौल

"एवढ्यासाठी?" भार्गवी ओरडलीच.

पहाटे उठून, जंगलातनं गाडीत हाडं खिळखिळी करून, मग होडी, मग जीप, मग चढ... आणि बघायला काय, तर बांबूच्या कुंपणात राखाडी चिखल! बऱ्याच वेळानं एखादा बुडबुडा काढायचा — ब्लुप् — की झालं. अंदमानातला चिखलाचा ज्वालामुखी म्हणे!

"आमच्या हुबळीत गटारी ह्याच्यापेक्षा बऱ्या उकळतात," ती आत्याला म्हणाली.

"कमरीपेठेतली म्हणत असाल, तर ती माझ्या दुकानापुढंच आहे," मागनं आवाज आला.

वळून बघते तर घामानं भिजलेला एक पोरगा हसत उभा. अंगात पांढराशुभ्र शर्ट. चिखल बघायला पांढरा शर्ट! शहाणाच दिसतोय.

"मी वरद. मिक्सर दुरुस्त करतो. मित्र खाली नारळपाणी पीत बसलेत. म्हणाले, चिखल तुझा तूच बघ."

भार्गवीला हसू येत होतं. पण तेवढ्यात बघितलं, तर अनसूयाआत्यानं चपला काढल्या होत्या आणि ती कुंपणापाशी मांडी घालून पिशवीतनं हळदकुंकू काढत होती.

"आत्या! हे काय?"

"जमीन आपोआप उकळतीय म्हणजे देवीच की गं. कौल लावते. उजवीकडं बुडबुडा आला तर बेळगावच्या स्थळाला हो, डावीकडं आला तर नाही. तुझा बाप फोनची वाट बघत बसलाय."

भार्गवीनं कपाळावर हात मारून घेतला. बेळगावच्या त्या मुलानं चहा पिता पिता दोनच प्रश्न विचारले होते. पगार किती, आणि लग्नानंतर नोकरी सोडणार ना? दोन महिने ती नको नको म्हणत होती. हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत वर्गातली पन्नास पोरं तिच्या एका शब्दावर गप्प बसतात, घरात एक माणूस ऐकत नाही. आणि आता चिखलाला विचारणार!

"मला विचार की! इथं उभी आहे ना मी!"

"तुला काय कळतंय? सुम्नीर, गप्प बस."

खाली जीपचा हॉर्न वाजला. आत्या हलेना. चिखल हळूच फुगला... आणि ब्लुप्! उजवीकडं.

"आला!" आत्यानं हात जोडले आणि मोबाईल काढला.

भार्गवी मान फिरवून झाडांकडं बघत राहिली. डोळे मात्र भरले होते. ते वरदला दिसलं.

"अक्का, जरा थांबा," तो आत्याला म्हणाला. "उजवीकडं म्हणजे कुणाच्या?"

"म्हणजे?"

"कौलाला देवाचं उजवं अंग धरतात ना? देवी तुमच्याकडं तोंड करून बसलीय. म्हणजे हा बुडबुडा तिच्या डावीकडं आला. म्हणजे नाही."

"ती इकडंच तोंड करून बसलीय हे तुला कुणी सांगितलं?"

"मग काय तुमच्याकडं पाठ करून बसलीय म्हणता?"

आता ह्याला आत्या हो कशी म्हणणार? हात हवेत, मोबाईल हातात.

"परत लावते," ती कुरकुरली.

वरद बघायला कुंपणावरनं वाकला. ह्या वेळी ना उजवीकडं ना डावीकडं, मधोमध भला मोठा बुडबुडा आला — फट्! — आणि चिखल थेट त्याच्या छातीवर.

भार्गवी ओढणीनं पुसायला लागली.

"चोळू नका, पसरतोय..."

"गप्प बसा हो! पांढरा शर्ट घालून कुणी येतं काय?"

"फोटो चांगला येतो."

"आलाय चांगला!"

आत्यानं तो डाग बघितला. ती ओढणी बघितली. मोबाईल पिशवीत टाकला.

"नाव काय म्हणालास रे तुझं?"

उतरताना भार्गवीनं हळूच विचारलं, "ते देवाच्या उजव्या अंगाचं... खरं आहे?"

"आई म्हणते असं. तिनं सांगितलं नसतं तरी म्हणालो असतो."

"का?"

"तुम्ही रडणार असं वाटलं... ते काय मला बघवलं नसतं."

त्यानं पुढं बोलायला तोंड उघडलं, तर दोघांच्या जीपचे ड्रायव्हर एकदमच ओरडले. तो एकीकडं, ती एकीकडं. नंबर घ्यायचा राहिलाच. बावळट कुठला!

हुबळीला आल्यावर पहिल्याच रविवारी भार्गवी मिक्सर काखेत मारून कमरीपेठेत हजर झाली. वरदच्या हातातनं पाना पडला.

"क... काय झालंय मिक्सरला?"

"बघा की."

त्यानं बटण उजवीकडं फिरवलं. गर्र! डावीकडं फिरवलं. गर्र!

"दोन्हीकडं चालतोय की हा. बिघडलंय काय?"

"काही नाही. काल बेळगावला 'नाही' म्हणून कळवलं. आत्यानं नाही, मी. स्वतः फोन केला." तिनं श्वास घेतला. "आणि तुम्हाला... हो."

वरद लाल झाला. "पण मी अजून विचारलंच नाही..."

"मग विचारा की हो! का त्यासाठी परत अंदमानला जायचं?"