सासूबाईंच्या पानावरची पट्टी

कँटनमध्ये परदेशी वखारींच्या मागच्या गल्लीत पाक-सेंगचं चित्रांचं दुकान होतं. चिनी माणसांचे पोशाख, धंदे, रीतिभाती अशी चित्रं तो गोऱ्यांसाठी काढी. रोज दुपारी त्याची बायको याउ-लिन माशाची पेज घेऊन येई.

त्या दिवशी तो मागच्या अंगणात कुंचले धूत होता आणि मेजावर एक जाडजूड पुस्तक उघडं पडलं होतं. विलायतेत छापलेलं, पाक-सेंगच्याच चित्रांचं. अक्षरं तिला येत नव्हती, पण माणसं ओळखीची होती. पहिल्या पानावर चौकातला मो न्हावी, पुढं कंदीलवाला. त्याच्या पुढच्या पानावर ती स्वतः.

लग्नाच्या वर्षी तिनं नवऱ्याकडून एकच वचन घेतलं होतं, की माझं तोंड परक्यांच्या हाती द्यायचं नाही. त्यानं हसत हसत दिलंही होतं.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली. तिचा तीळ डाव्या डोळ्याखाली होता, चित्रात तो उजव्या डोळ्याखाली होता. आणि झगा डाव्या काखेखाली मिटला होता. जिवंत माणूस झगा उजवीकडं मिटतो. डावीकडं मिटतात तो मढ्याचा.

तिनं मागची पानं पाहिली. सगळ्यांचंच तसं होतं.

तिला मो आठवला. वसंतात तो एके सकाळी डावीकडं बटणं लावून चौकात आला, तेव्हा लोक हसले होते. "काय मोदादा, झोपेतच कपडे घातलेत का?" त्यानं बटणं सोडून पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडंच. आठवड्यात तो गेला. कंदीलवाला उन्हाळ्यात गेला.

शेवटच्या पानावर सासूबाई होत्या. त्या तर घरी ठणठणीत होत्या. त्यांच्या छातीवर कागदाची बारीक पट्टी चिकटवलेली होती आणि पट्टीवर, नवऱ्याच्या हातानं, झगा उजवीकडं मिटलेला काढला होता. खळ केव्हाच वाळून पिवळी पडली होती.

पाक-सेंग आत आला. पुस्तक पाहून दारातच थांबला.

"कधी आलं हे?" तिनं विचारलं.

"नव्या वर्षाला." तो खाली बघत सांगू लागला, की तिकडं तांब्याच्या पत्र्यावर चित्र जसंच्या तसं कोरतात आणि कागदावर ते उलटं उमटतं. त्या लोकांना काय कळतंय? आता गिऱ्हाइकांनाही पुस्तकातल्यासारखंच हवं असतं, आणि तिचं पान सगळ्यात जास्त मागतात.

"तुम्हाला तर कळत होतं. आईंचं तेवढं सुधारलंत."

"तुझंही करणारच होतो."

"नऊ महिने?"

त्यानं कागदाची एक रुंद पट्टी कापली, तोंड आणि छाती मावेल एवढी. मग म्हणाला, बस, आत्ता करतो.

पुस्तक बघून काढायचं नाही, माझ्याकडं बघून काढा, असं तिनं बजावलं. पुस्तक मिटून स्वतःच्या मांडीवर घेतलं. बसण्याआधी उजव्या काखेखालची बटणं चाचपली. तिन्ही जागेवर होती.

दारातून ऊन येत होतं. नदीवर कुणीतरी कोळशाच्या होड्या रिकाम्या करत होतं. पाक-सेंग तिच्याकडं बघे, रेघ ओढी, पुन्हा बघे. इतकं निरखून त्यानं तिच्याकडं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पेज निवली.

त्यानं कुंचला ठेवला. पट्टी तिच्यापुढं सरकवली.

झगा डावीकडं मिटला होता. तीळ उजव्या डोळ्याखाली होता.

"पुन्हा तेच," ती म्हणाली. "पुस्तकातलंच काढलंत."

"पुस्तक तुझ्या मांडीवर आहे," तो हळू म्हणाला. "तुझ्याकडं बघूनच काढलं."

ती त्याच्याकडं बघत राहिली. तो मात्र तिच्या डोळ्यांकडं बघत नव्हता. त्याची नजर जराशी खाली होती.

तिनं उजव्या काखेखाली हात घातला.

तिथं नुसतं सपाट कापड होतं.